हनन्याची वाट

आमच्या मंडळीत साक्षीला फार मान आहे. प्रार्थनासभेत कुणी उभं राहतं आणि सांगतं: अमुक साली, अमुक सभेत, अमुक वचन ऐकताना मी ढसढसा रडलो आणि त्या रात्रीपासून माझं आयुष्य पालटलं. दारू सुटली, जुगार सुटला, बायकोवर उठणारा हात थांबला. लोक 'आमेन' म्हणतात. मीही म्हणते आणि मनापासून म्हणते, कारण यातल्या काही माणसांना मी आधीचंही पाहिलंय आणि नंतरचंही. त्यांच्या साक्षीत खोट नाही.

पण माझ्याकडे तशी तारीख नाही. नगरला लहानपणी उज्जीवन सभा व्हायच्या. मांडव पडायचा, बाहेरगावचे वक्ते यायचे आणि मुलांनाही विचारायचे, "तुझं तारण कधी झालं?" ख्रिस्ती घरात जन्मलेल्या मुलीने काय सांगायचं? बाप्तिस्मा तान्हेपणी झालेला. दृढीकरण, म्हणजे कळत्या वयात स्वतः विश्वास कबूल करण्याचा विधी, वर्गातल्या सगळ्यांबरोबर झालं. गीतं बोलायला लागल्यापासून पाठ. मी गप्प बसायचे आणि मनात धरून चालायचे की आपला दिवस अजून यायचाय. एक दिवस आकाशातून उजेड पडेल, आपण घोड्यावरून पडू, आणि उठू तेव्हा निराळ्याच असू. ख्रिस्ती लोकांचा छळ करायला निघालेला पौल वाटेत असाच उजेड पडून पालटला, पुढे प्रेषित झाला. त्याच्या कथेत शास्त्रात कुठे घोडा नाही, हेही मला फार उशिरा कळलं. चित्रांमधून तो डोक्यात बसला होता.

बदलायचं धैर्य कुठून येतं, हा प्रश्न मी बरीच वर्षं त्या उजेडापाशी अडकवून ठेवला. उजेड नाही, म्हणजे धैर्य नाही. धैर्य नाही, म्हणजे आपण आहोत तशाच. पुढे कधीतरी बायबलच्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातला नववा अध्याय सावकाश वाचला, प्रवचनासाठी नव्हे, नुसता वाचायचा म्हणून. तेव्हा लक्षात आलं की उजेडानंतर शौल, म्हणजे पौलच, धैर्यवान वगैरे काही झालेला नाही. तो आंधळा झालाय. लोक त्याला हाताला धरून दिमिष्कात, म्हणजे दमास्कस शहरात, नेतात. तीन दिवस तो अन्नपाणी घेत नाही. ज्याच्या नावाने यरुशलेममधली माणसं चळाचळा कापायची, तो एका अनोळखी घरात अंधारात बसून राहिलाय.

मग येतो हनन्या. या माणसावर मी आजवर दोनतीनच प्रवचनं ऐकली असतील. दिमिष्कातला एक साधा शिष्य. प्रभू त्याला सांगतो, नीट नावाच्या रस्त्यावर यहूदाच्या घरी जा, तिथे तार्सचा शौल आहे. हनन्या लगेच उठत नाही. तो देवाला उलट सांगतो की या माणसाने तुझ्या लोकांचं किती वाईट केलंय ते मी ऐकलंय, आणि इथेही तो आम्हाला बांधून न्यायचा अधिकार घेऊन आलाय. म्हणजे तो घाबरलेला आहे, आणि ती भीती लपवत नाही. तरी जातो. घरात शिरतो, शौलावर हात ठेवतो, आणि पहिले शब्द उच्चारतो ते "शौल भाऊ" असे.

तोवर शौलाने काय केलं होतं? माफी मागितली नव्हती. कुणाचं नुकसान भरून दिलं नव्हतं. कसली शपथ घेतली नव्हती. ज्यांना तो बांधून न्यायला आला होता त्यांच्यातलाच एक माणूस त्याला 'भाऊ' म्हणाला, आणि त्यानंतर त्याच्या डोळ्यांवरून खपल्यांसारखं काही गळून पडलं, तो उठला, बाप्तिस्मा घेतला, जेवला. मला वाटतं पौलाचं धैर्य त्या हाकेत सुरू होतं. पुढेही ते एका झटक्यात पुरं झालं नाही. गलतीकरांना लिहिताना तो स्वतः सांगतो की मी अरबस्तानात गेलो, परत दिमिष्काला आलो, आणि तीन वर्षांनी यरुशलेमला गेलो. तिथेही शिष्य त्याला भ्यायले, कुणी जवळ करेना. शेवटी बर्णबा नावाचा शिष्य त्याला बरोबर घेऊन प्रेषितांकडे गेला. पौलासारख्या पौलाला दोन माणसं लागली, एक हात ठेवणारा आणि एक हात धरणारा.

माणसं सांगतात, आधी सुधार, मग तुला जवळ करू. घरात तसंच, शाळेत तसंच, नोकरीत तसंच, आणि दुर्दैवाने पुष्कळदा मंडळीतही तसंच. शुभवर्तमानात हा क्रम उलटा आहे. आधी जवळ घेणं, मग बदल. कृपा म्हणतात ती हीच, आणि माझ्या समजुतीप्रमाणे ख्रिस्ती माणसाचं धैर्य इथूनच येतं. पडलो तर टाकून दिले जाणार नाही हे ज्याला आतून ठाऊक आहे, तोच पाऊल उचलतो.

आमच्या नगरच्या मातीत याचं एक मोठं उदाहरण घडून गेलंय. कवी नारायण वामन टिळकांची रेल्वेतली गोष्ट आम्ही संडे स्कूलमध्ये इतकी ऐकली की डबासुद्धा डोळ्यांपुढे यायचा. 1893 साल. टिळक नागपूरहून राजनांदगावला निघालेले. डब्यात एक युरोपियन प्रवासी भेटतो, गप्पा रंगतात, उतरताना तो नव्या कराराची प्रत हातात देतो आणि म्हणतो, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांनी वाचायचं कबूल केलं होतं म्हणून वाचायला घेतलं, आणि मत्तयातलं डोंगरावरचं प्रवचन आलं तिथे ते गुंतले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ही गोष्ट तेजस्वी आहे. पण वय वाढलं तशी मी टिळकांपेक्षा त्यांच्या बायकोच्या, लक्ष्मीबाईंच्या, जवळ सरकले.

नवऱ्याने धर्म बदलला, आणि बायकोला ते आधी कळवलंही नाही. लक्ष्मीबाई तेव्हा ऐन पंचविशी ओलांडलेल्या, पदरात लहानगा दत्तू. माहेरी वडिलांचं सोवळं इतकं कडक की त्यापायी सगळं घर जेरीस आलेलं. अशा घरातली मुलगी. नवरा जिवंत आणि तरीही तुटलेला. त्या काळात अशा बाईला समाजात नेमकी जागाच नव्हती. सधवाही नाही, विधवाही नाही. काही काळ त्या पंढरपुरात नातेवाइकांकडे राहिल्या. नवऱ्यावर संताप होता, त्याच्याशिवाय जीव लागत नव्हता, आणि तो जे झालाय ते आपल्याला कधीच व्हायचं नाही हेही पक्कं होतं. हे सगळं त्यांनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात असं लिहून ठेवलंय की वाचताना शेजारी बसून कुणी सांगतंय असं वाटतं.

चारपाच वर्षं अशी गेली. मग त्या नगरला टिळकांकडे आल्या. आल्या म्हणजे लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. सोवळं त्यांच्याबरोबर आलं. स्वयंपाक वेगळा, शिवाशीव वेगळी. एका संसारात दोन धर्म. टिळक तापट होते, लहरी होते, घरातले पैसे कुणालाही देऊन मोकळे होणारे होते, हे सगळं लक्ष्मीबाईंनीच लिहिलंय. पण ख्रिस्ती हो म्हणून त्यांनी बायकोवर जबरदस्ती केली नाही. ती जशी होती तशी, तिच्या वेगळ्या चुलीसकट, त्यांनी तिला घरात घेतलं. मला या वेगळ्या चुलीचं फार वाटतं. जो माणूस गावोगाव शुभवर्तमान सांगत फिरत होता, त्याच्या घरात रोज त्याच्या श्रद्धेला नकार शिजत होता, आणि तो ते राहू देत होता.

त्यापुढचं लक्ष्मीबाईंचं त्यांनीच केलं. विचार करून केलं. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला, आणि उत्तर मिळाल्यावर शिवाशीव सोडायचं ठरवलं. ख्रिस्ती मात्र व्हायचं नाही, असंही त्याच वेळी ठरवलं. मग तेही गळालं. 1900 साली राहुरीला त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्या हातांनी आयुष्याची पहिली वर्षं विटाळ टाळण्यात घालवली, त्याच हातांनी पुढे नगरला प्लेग आला तेव्हा त्या प्लेगच्या छावणीत राहून आजारी मुलांचं सगळं करत होत्या. शाळेत न गेलेल्या या बाईने टिळकांमागे त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य हाती घेतलं आणि त्यात 64 अध्यायांची भर घातली. यात कुठे उजेडाचा लोळ नाही. आज एक गोष्ट सुटली, उद्या दुसरी. पण मागे वळून पाहिलं तर जलालपूरच्या गोखल्यांची मनू, म्हणजे माहेरची लक्ष्मीबाई, आणि छावणीतली लक्ष्मीबाई यांच्यामध्ये केवढं अंतर आहे.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर चित्र एकांगी होईल. नगर जिल्ह्यातले बहुसंख्य ख्रिस्ती टिळकांसारख्या घरांतून आलेले नाहीत. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला 1831 मध्ये सुरू झालं, आणि पुढे जी गावंच्या गावं मंडळीत आली ती महारवाड्यातली आणि मांगवाड्यातली होती. माझे पणजोबा त्यांच्यातलेच. त्यांची साक्ष कुणी लिहून ठेवली नाही. घरात एवढंच सांगतात की त्यांनी मेलेली गुरं ओढायचं काम सोडलं आणि पोराला मिशनच्या शाळेत घातलं, आणि त्यावरून गावाने त्यांना पुष्कळ त्रास दिला.

लक्ष्मीबाईंना बदलायचं म्हणजे खाली उतरायचं होतं. माझ्या पणजोबांना बदलायचं म्हणजे ताठ उभं राहायचं होतं. प्रभुभोजनाच्या मेजापाशी ही दोन माणसं एका भाकरीतून खाणार, तर एकाला वाकावं लागणार आणि दुसऱ्याला मान वर करावी लागणार. दोन्हीला धैर्य लागतं, पण ते एकाच जातीचं धैर्य नव्हे. नम्र व्हा, नम्र व्हा असं सरसकट सगळ्यांना सांगणाऱ्या प्रवचनांनी मी म्हणून अस्वस्थ होते. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या वाकवलंय त्याला येशू वाक म्हणत नाही. अठरा वर्षं कुबड येऊन वाकलेल्या बाईला त्याने शब्बाथ दिवशी, सभास्थानात, सगळ्यांसमोर जवळ बोलावलं आणि सरळ केलं. लूकाने ते लिहून ठेवलंय.

आणि या उभं राहण्याची किंमत अजून संपलेली नाही. 1950 च्या अनुसूचित जातींच्या आदेशाने सवलती धर्माशी बांधल्या. पुढे 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना त्या मिळाल्या, ख्रिस्ती दलितांना आजही नाहीत. गावाच्या लेखी जात तीच राहिली, कागदावर मात्र पुसली गेली. मंडळीतूनही ती पुरती गेलेली नाही. सोयरीक जमवायला बसलं की डोकं वर काढते. हे मला लपवावंसं वाटत नाही. पणजोबांनी हे सगळं ठाऊक नसताना पाऊल टाकलं. माझ्या वडिलांनी ठाऊक असताना ते मागे घेतलं नाही.

पंडिता रमाबाईंचं नाव यात घेतल्याशिवाय मला राहवत नाही. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. महाराष्ट्रात केवढी खळबळ उडाली! पण रमाबाईंनी पुढे स्वतःच लिहिलं की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी मला उमजलं की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. हे लिहायला काय लागत असेल? ज्या निर्णयासाठी आपल्या लोकांचे शिव्याशाप खाल्ले, तो निर्णय अपुरा होता असं जाहीरपणे म्हणायचं! आणि ती आठ वर्षं वाया गेली असंही नाही. त्याच काळात त्या अमेरिकेत फिरल्या, 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं, ते पुण्याला आणलं.

पण त्यांच्या धैर्याचं खरं रूप मला 1896-97 च्या दुष्काळात दिसतं. त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण आधीच्या दुष्काळातल्या उपासमारीने गेले होते. त्या स्वतः, सोळा-सतरा वर्षांच्या वयात, भावाबरोबर अन्नावाचून पायी भटकल्या होत्या. मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचं कानावर आलं, तेव्हा जे आपण भोगलं ते पुन्हा डोळ्यांनी पाहायला ही बाई निघाली आणि शेकडो मुलीबायकांना घेऊन आली. केडगावचं मुक्ती सदन त्यांच्यासाठी उभं राहिलं. ज्या जागी आपण मोडलो होतो तिथेच परत जायचं, या वेळी दुसऱ्यांना उचलायला. विश्वासाने माणूस बदलतो याचा यापेक्षा मोठा पुरावा मी मागणार नाही.

रमाबाईंच्या घरात आलेल्या बाया कुणाच्या ना कुणाच्या घरातून सुटून आलेल्या होत्या, हे विसरून चालणार नाही. कारण आज मंडळीत मार खाणाऱ्या बाईला 'क्षमा कर, सहन कर, प्रार्थना कर' असं सांगून परत त्याच दारात पोचवणारे लोक मी पाहिलेत. तिथे धैर्याचा अर्थ घराबाहेर पडणं असा आहे, आणि तिच्यासाठी दार उघडं ठेवणं हे मंडळीचं काम आहे. क्षमा दुरूनही करता येते. पुढे मी समेटाबद्दल जे लिहिणार आहे ते अशा बाईला कुणी वाचून दाखवू नये.

आता माझ्याबद्दल.

माझा थोरला भाऊ नगरला वडिलांच्या घरात राहतो. मी लग्नानंतर पुण्यात. आई आधी गेली, मग पप्पा. मृत्युपत्र नव्हतं. पप्पांनंतर थोड्याच दिवसांत दादाने हक्कसोडपत्राचा विषय काढला. आपल्याकडे बहिणींनी सही करून मोकळं व्हायचं अशी रीतच आहे, धर्म कुठलाही असो. सही करणारी चांगली बहीण, न करणारी लोभी. मी सही केली नाही. ख्रिस्ती घरांना लागू असलेल्या 1925 च्या भारतीय वारसा कायद्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही, दोघांचा वाटा सारखा. पण माझ्यासाठी हा नुसता कायद्याचा प्रश्न नव्हता. पप्पांचं शेवटचं आजारपण मी काढलं होतं. त्या घरात मीही लेक म्हणून वाढले होते. ते कागदावरून पुसून टाकायला माझा हात उठेना.

दादा चिडला. फोन बंद झाले. नाताळला केक-करंज्यांचा डबा यायचा तो बंद झाला. पुतणीच्या दृढीकरणाला मी नव्हते. मीही माझ्या जागी घट्ट होते. आधी त्याने मान्य करावं, मग मी बोलेन. हे मला न्यायाचं वाटत होतं, आणि आजही ते अन्यायाचं होतं असं मी म्हणणार नाही.

मग एका प्रभुभोजनाच्या रविवारी पाळकसाहेबांनी मत्तयाचा पाचवा अध्याय वाचला. तू वेदीजवळ दान आणलंस आणि तिथे तुला आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. हे वचन मी शंभरदा ऐकलेलं. टिळक ज्या प्रवचनात गुंतले त्याचाच हा भाग. पण त्या दिवशी एक गोष्ट पहिल्यांदाच कानात शिरली. तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर, असं तिथे म्हटलेलं नाही. त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर, असं म्हटलंय. त्याचं चूक की बरोबर, याची चौकशीच नाही. मी न्यायाने वागले होते, तरी माझ्या भावाच्या मनात माझ्याविरुद्ध काही होतं, आणि येशू मला उठून जा म्हणत होता. दानाची पिशवी रांगेतून माझ्यापर्यंत आली. मी ती पुढे सरकवली.

उठून जायला सांगणं सोपं आहे. त्यानंतर कितीतरी दिवस मी गेले नाही. प्रार्थना करायचे ती 'दादाचं मन बदल' अशी. आमच्या मंडळीत एक निवृत्त नर्स आहेत, सगळे त्यांना मावशी म्हणतात. मिशनच्या दवाखान्यात त्यांनी आयुष्य काढलंय. त्यांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी मला जक्कयाची गोष्ट वाचायला लावली. मुलांची गोष्ट म्हणून ती आपण सोडून देतो: बुटका जकातदार, उंबराच्या झाडावर चढलेला. मावशी म्हणाल्या, "येशू त्याच्या घरी उतरायचं कधी ठरवतो ते बघ. चौपट परत करीन असं जक्कय म्हणाल्यावर की त्याच्या आधी?"

आधी. अर्थातच आधी. जक्कय झाडावर आहे, लुबाडलेले पैसे अजून त्याच्याच पेटीत आहेत, आणि येशू गर्दीसमोर म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. लोक कुरकुरतात. हिशेब पुढे, घरात गेल्यावर निघतो, आणि तोही जक्कय आपण होऊन काढतो.

"मग मी सही करू का?" मी विचारलं.

"सहीचं कोण बोलतंय? जेवायला जा," मावशी म्हणाल्या. "कागद पुण्यातच राहू दे."

मी दादाला फोन केला. "रविवारी जेवायला येते," म्हटलं. पलीकडे बराच वेळ काही नाही. मग, "ये." बस एवढंच.

धैर्य आलं म्हणून मी फोन केला, असं सांगता आलं असतं तर साक्ष चांगली झाली असती. फोन करताना माझा हात थरथरत होता. एसटीत सुप्याजवळ वाटलं, उतरावं आणि परत जावं. काही आतून भरून आलं, शांती मिळाली, असं काही झालं नाही. इतकंच होतं की मावशी त्या सकाळी उपासनेत माझ्यासाठी प्रार्थना करत असणार हे मला ठाऊक होतं, आणि दादाने दार उघडलं नाही तरी मी देवाची लेकच राहणार होते. एका पावलापुरतं ते पुरलं. पुढच्या पावलाचं पुढे.

वहिनीने मटण केलं होतं, बाजरीच्या भाकऱ्या होत्या. सगळे बसलो. आमच्या घरी जेवणाआधी प्रार्थना पप्पा करायचे. त्यांच्यामागे दादा करत असणार. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू कर."

मला शब्द सुचेनात. इतक्या वर्षांचं काय काय त्यात घालायचं, काय सोडायचं? म्हणून मी प्रभूची प्रार्थना सुरू केली, आणि सवयीने सगळे बरोबर म्हणायला लागले. रोजची भाकर मागून झाली आणि पुढची ओळ आली: जसं आम्ही आमच्या ऋण्यांना ऋण सोडलंय, तसं तू आमची ऋणं सोड. एका घराच्या वाट्यावरून तुटलेली दोन भावंडं समोरासमोर बसून ही ओळ म्हणत होती. दादाचा आवाज तिथे थांबला. वहिनीने आणि पुतणीने ती पुरी केली. मग तो पुन्हा मिसळला.

जेवण झाल्यावर त्याने विषय काढलाच. मी म्हटलं, "दादा, सही मी करणार नाही. पण तू घर सोड असंही म्हणणार नाही. आणि यापुढे मी येत राहीन." त्याला राग आला. मुलीच्या जातीला घराची एवढी हाव कशाला, असं काहीसं बोलला. पूर्वीची मी असते तर उठून निघाले असते, किंवा रडत सही करून टाकली असती. माझे हे दोनच रस्ते होते आयुष्यभर, भांडून तोडायचं नाहीतर गिळून गप्प बसायचं. त्या दुपारी मी बसून राहिले. त्याचं ऐकलं. नाही म्हटलं. वहिनीला भांडी घासू लागले. पुतणीची दहावीची वह्या-पुस्तकं पाहिली. संध्याकाळच्या गाडीने परत आले. बाहेरून पाहणाऱ्याला यात काहीच घडलं नाही असं वाटेल, पण बसून राहणं हे मला त्याआधी कधीच जमलं नव्हतं.

त्यानंतर मी जात राहिले. कधी तो बोलायचा, कधी पेपर तोंडापुढे धरून बसायचा. नाताळला डबा मी नेला. एकदा त्याला डेंग्यू झाला तेव्हा वहिनीने आधी मला फोन केला. विश्वासातल्या बदलाबद्दल आपण बोलतो तेव्हा हा मधला लांबलचक भाग गाळून टाकतो, कारण त्यात सांगण्यासारखं काही नसतं. मला मात्र आता वाटतं की पौलाची अरबस्तानातली वर्षं, रमाबाईंची आठ वर्षं, लक्ष्मीबाईंची वेगळी चूल, सगळी कसोटी तिथेच होती. तेवढ्या काळात कुणीतरी त्यांना धरून होतं. माझ्यासाठी मावशी होत्या. दादाला धरून कोण होतं ते मी विचारलेलं नाही. वहिनी असावी.

साक्षीच्या सभेत मी अजून उभी राहिलेले नाही. उभी राहिले तर हनन्याबद्दल बोलेन, आणि मंडळीला विचारेन की आपल्या गावातल्या नीट रस्त्यावर आज कोण आंधळं होऊन बसलंय आणि त्याला 'भाऊ' म्हणायला आपल्यातलं कोण जाणार आहे. दारू सोडायची धडपड करणारा तो मुलगा, जो मागच्या बाकावर बसतो आणि प्रभुभोजनाआधी निघून जातो, त्याच्याकडे आधी कुणीतरी गेलं पाहिजे. तो सुधारून आपल्याकडे येईल याची वाट बघत बसलो तर तो येणार नाही.

सही मी केलेली नाही. "पुढे करशील कधीतरी," असं दादा अजून म्हणतो, आणि "नाही करणार," असं मी अजून सांगते. पण गेल्या महिन्यात तो सिटी सर्व्हेच्या कचेरीतून वारसनोंदीचा अर्ज घेऊन आला. वारसांच्या रकान्यात त्याने दोघांची नावं लिहिलीत, आधी स्वतःचं, खाली माझं. पप्पांचा मृत्यूचा दाखला माझ्याकडे आहे, तो घेऊन सोमवारी मी नगरला चालले आहे.